चढवणारे सार

बसस्टॉपवर आमच्या सारांशेजारी उभं राहण्यात फायदा होता. बस आली की ते आधी म्हाताऱ्यांना चढवायचे, मग बायकांना, मग कुणाच्या भाजीच्या गोणीला, आणि मग ज्याला त्या बसने जायचंच नाही अशा एखाद्यालाही. "चला, चला, आत व्हा" हे ते मराठीत म्हणतात की तमिळमध्ये, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. सगळे वर गेले की कंडक्टर शिट्टी फुंकायचा, बस हलायची, आणि सार खालीच. आम्ही खिडकीतून बघायचो, ते हात हलवायचे. पहिला तास अर्धाअधिक सरल्यावर ते पुढच्या बसने उगवायचे. उशीर का झाला असं विचारलं तर सांगायचे, "गर्दी होती."

शाळेच्या लिफ्टचंही तेच. दार धरून सगळ्यांना आत घालायचं, आणि लिफ्ट भरली की "तुम्ही व्हा वर" म्हणून बाहेर उभं राहायचं. वर्षानुवर्षं. प्रिन्सिपल मॅडमनी शेवटी त्यांचा पहिला तास दुसऱ्याला दिला आणि विषय संपवला.

चेन्नईत सरांना 'सार' म्हणतात. मी साताऱ्याची, नवऱ्याची बदली झाली म्हणून इथे आले आणि अड्यारच्या या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागले. सुरुवातीला कुणी 'सार आले' म्हटलं की मला भाताबरोबर ओरपायचं कोकमाचं सार आठवायचं. नंतर सवय झाली. माणसाला सगळ्याची सवय होते, उकाड्याचीसुद्धा.

पहिल्या दिवशी मी गेटवरच्या वॉचमनला प्रिन्सिपल मॅडमबद्दल विचारलं. त्याने बोट आकाशाकडे केलं आणि शांतपणे म्हणाला, "मेले." नोकरीचा पहिला दिवस आणि ही बातमी. मी "अरे देवा, कधी?" असं काहीतरी मराठीतच बोलून गेले असणार, कारण मागून आवाज आला, "भिऊं नका बाई. मेले म्हणजे वर. मॅडम वरच्या मजल्यावर आहेत. इथे सगळे सकाळी मेले जातात आणि संध्याकाळी कीळे येतात. कीळे म्हणजे खाली."

वळून पाहिलं तर पांढरा फुलशर्ट, खिशाला पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर, कपाळावर बारीक गंध. हे आमचे सार. गणित शिकवायचे. घराणं तंजावरचं, राजांबरोबर आलेल्या मराठ्यांपैकी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांची मराठी तेव्हाचीच राहिली होती आणि तिच्यावर तमिळचा हेल चढला होता. मला म्हणाले, "तुमास काफी होणे का?" कॉफी होणार आहे की काय, असं मला वाटलं. होणे म्हणजे हवं. माझी मराठी त्यांना रेडिओसारखी वाटायची. "बातम्या सांगितल्यासारखी बोलतां," म्हणायचे, आणि तरी रोज मधल्या सुट्टीत माझ्याशी मराठी बोलायला यायचे. घरात त्यांच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. बायको गेलेली, मुलगी सिंगापूरला, आणि तिला तमिळ आणि इंग्रजी सोपं जायचं.

"कसे आहात सार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "दमलों, पण बसलों नाही." सकाळी आठ वाजताही हेच. मला ते आवडायचं, कारण आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच दमलेले होते आणि सगळेच बसलेले होते.

शाळेत रोबोटिक्सचं खूळ आलं तेव्हा ते कुणाच्या गळ्यात मारायचं, यावर मीटिंग झाली. कॉम्प्युटरवाल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, माझ्याकडे बारावीचे पेपर होते. सारांनी नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डायनिंग हॉलच्या मागची, पत्र्याची, दुपारी भट्टी होणारी खोली त्यांना मिळाली. तिथे मुलं मोटरी, चाकं, पट्ट्या आणि वायरींचा पसारा मांडून बसायची. सार त्या रोबोला 'अहो' म्हणायचे. "ते दमले असतील, बॅटरी बदला." "त्यांच्यावरून उडी मारूं नको, वळसा घाल." मुलं आधी हसायची, मग तीही रोबोबद्दल आदरार्थी बोलायला लागली. त्या लोखंडाच्या पेटाऱ्याला मिळाला एवढा मान आमच्या खात्यात कुणाला मिळाला नसेल.

स्पर्धा समजायला अवघड नव्हती. दोन शाळांची एक जोडी, समोर दुसरी जोडी. रोबोंनी चेंडू गोळा करायचे, टोपल्यात टाकायचे वगैरे. खरी गंमत शेवटच्या अर्ध्या मिनिटात. मैदानाच्या मधोमध गुडघ्याएवढा चौथरा असे, त्याच्यावर रोबोंनी चढायचं. घंटा वाजेल तेव्हा एकटा वर असला तर थोडे गुण. जोडीतले दोघं वर असले तर भरघोस. दुसरे संघ लांब हात असलेले, आकड्याने चौथरा पकडून स्वतःला वर खेचणारे रोबो बनवायचे. आमच्या सारांनी रोबोला हातच बसवला नाही. त्यांचा रोबो बुटका आणि रुंद. चौथऱ्यापाशी जायचा, पाठीवरचा पत्रा उलगडून उतार करायचा आणि पडून राहायचा. जोडीदार त्याच्यावरून चौथऱ्यावर जायचा. मग जोडीदाराने वरून पट्टा सोडायचा, आमच्या रोबोला अडकवायचा आणि ओढायचं. त्याच वेळी खालून यांनीही चाकं फिरवायची. दोघांनी जोर लावला तरच जमायचं.

"म्हणजे आपला रोबो चढत नाही?" मी विचारलं.

"बाई, इंग्रजीत क्लाइंब एकच. आपल्याकडे एक व आहे. चढणे आणि चढवणे. तमिळमध्ये पण आहे, एरु आणि एत्तु. नियमांचं पुस्तक इंग्रजीत लिहिलं, तो व राहून गेला."

मी म्हटलं, मराठीत हरभऱ्याच्या झाडावरही चढवतात. तुम्हाला कुणीतरी चढवलेलं दिसतंय. त्यांनी ही म्हण कधी ऐकली नव्हती. बराच वेळ विचार करून म्हणाले, "हरभऱ्याला झाड कुठे असतं?" मग मला ती समजावून सांगावी लागली, आणि समजावलेल्या थट्टेइतकं दमवणारं दुसरं काही नाही.

अडचण सरळ होती. जोडीदार वर गेला की त्याचे गुण पक्के. पट्टा टाकून ओढत बसायचं तर स्वतःच घसरून खाली येण्याची भीती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागणार? प्रत्येक मॅचमध्ये जोडीदार आमच्या पाठीवरून वर जायचा, तिथे उभा राहायचा, त्याची पोरं नाचायची, आणि आमचा रोबो खाली पत्रा पसरून पडलेला. आमची रोबो चालवणारी मुलगी नित्या, अकरावीतली, जिभेने तिखट. मॅच झाली की पत्र्यावरचे चाकांचे काळे वळ ती फडक्याने पुसायची आणि धुसफुसायची. एकदा सारांना तोंडावर म्हणाली, "सार, आपण काय पायपुसणं आहोत का?"

"पायपुसण्यावर पाय पुसतात," सार म्हणाले, "पायरीवर पाय ठेवतात. ते वेगळं."

आपला पाय दुसऱ्याला लागला की आपण नमस्कार करतो. सारांचं उलटं होतं. बसमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी तेच वाकून हात लावायचे आणि तो हात डोळ्यांना लावायचे. समोरचा ओशाळून उतरून जायचा. मॅचच्या आधी ते त्या पत्र्यालाही तसाच हात लावत. मला वाटायचं, या माणसाला कुणीतरी एकदा खडसावून सांगायला हवं. मीच सांगायचे. ते "सरी, सरी" म्हणायचे, म्हणजे बरं बरं, आणि पुन्हा तेच.

मग एका वर्षी शाळा उघडली आणि करस्पॉन्डंटनी त्यांना बोलावलं. इकडे शाळेच्या मालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. डायनिंग हॉलमागची खोली इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या कोचिंगवाल्यांना हवी होती. "सार, या वर्षी कप आणा, खोली तुमची," ते म्हणाले. "नाही आला तर एप्रिलपासून कोचिंग. मला पालकांना काहीतरी दाखवायला हवं. तो चढणारा हात विकत मिळतो म्हणे, तो लावून टाका."

ती खोली गेली तर सारांचं काय, हे मला माहीत होतं. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. गणिताला नवा माणूस घेतला होता. ते वर्षावर्षाच्या बोलीवर होते ते त्या खोलीपुरतेच. खोली म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे घरातून बाहेर पडायचं कारण. मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि रागावूनच म्हटलं, "लावा ना तो हात. एक वर्ष चढा एकटे. कोण नाव ठेवणार आहे?"

ते भिंतीला टेकून उभे होते. खरंच दमलेले दिसत होते. "दोन चढणारे एकमेकांस काय कामाचे बाई?" ते म्हणाले. "दोघं वर जातील. पण सोबत गेले असं कोण म्हणेल?" मग म्हणाले, "मज इतकंच होणे. एकदा कोणी पट्टा सोडावा. मग खोली जाऊं दे."

मला त्यांचा राग आला. अशा माणसांचा येतो. त्यांच्या हट्टाची काळजी दुसऱ्यांना करावी लागते.

देशभरच्या संघांची फेरी त्या वर्षी चेन्नईतच होती, एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये. एसी होता, तरी माणसांच्या गर्दीने दमट झालेला. शेवटच्या मॅचेससाठी संघांना आपला जोडीदार निवडायचा असतो, आणि आमच्याकडे कुणी फिरकेल असं मला वाटत नव्हतं. पण कोल्हापूरकडचा एक संघ होता. त्या पोरांना तीन दिवस सांबार खाऊन भाकरी आठवत होती. सारांनी त्यांचं बोलणं ऐकलं आणि जाऊन आपल्या मराठीत विचारलं, "तुमास काय होणे?" पोरं चाट पडली. हा म्हातारा मराठी बोलतोय, पण कुठली? त्यांना निम्मं कळेना, तरी ती सारांना सोडेनात. दुसऱ्या दिवशी सार घरून डबा घेऊन आले, भाकरी नव्हती पण पिठलं होतं. त्यांचा चालवणारा मुलगा ओंकार, गोल चेहऱ्याचा, कानात भिकबाळीचं भोक बुजत आलेलं. त्याने रोबोची पाठ दाबून पाहिली. "सर, ह्यांच्यावरनं आम्ही जायचं? दुखणार नाही न्हवं ह्यांना?" तोही 'ह्यांना' म्हणायला लागला होता. त्या संघाने आम्हाला निवडलं.

सराव छान झाला. ओंकारच्या रोबोला वर पट्टा गुंडाळायची मोटर होती. खाली अडकवलं की नित्याने इंग्रजीत 'पुल' म्हणायचं आणि त्याने ओढायला लागायचं. सरावात दोघंही रोबो चौथऱ्यावर गेले. बाजूला जाऊन सारांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढला, पुसला आणि परत खिशाला लावला.

अंतिम मॅच. मी प्रेक्षकांत, सार मुलांच्या मागे रेषेबाहेर. पहिल्या दोन मिनिटांत चुरस चालली होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटाची घंटी झाली आणि आमचा रोबो चौथऱ्यापाशी जाऊन पत्रा पसरून पडला. ओंकारचा रोबो त्याच्यावरून सुळकन वर गेला. समोरच्या जोडीतला एक रोबो आपल्या बाजूला वर चढला, दुसरा खाली खटपट करत राहिला. आता नेहमीसारखं होणार म्हणून मी डोळे मिटायच्या बेतात होते. पण ओंकारने पट्टा सोडला. इतक्या वर्षांत मॅचमध्ये पहिल्यांदा कुणीतरी पट्टा सोडला. नित्याने तो अडकवला. आता फक्त 'पुल' म्हणायचं.

नित्या उत्साहाने जागची उडाली आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली, "मेले! मेले!"

तिच्या भाषेत ती बरोबरच ओरडली. वर, वर. पण ओंकारला काय ऐकू आलं ते मला बसल्या जागी कळलं. त्या भरलेल्या हॉलमध्ये ते दोघांनाच कळलं, मला आणि सारांना. सारांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले, पण तेवढ्या गोंगाटात कुणाला काय सांगणार?

ओंकारने खाली पाहिलं. आमचा रोबो निपचित, पत्रा पसरून. बॅटरी गेली असणार. मेलेला रोबो चाकं फिरवणार नाही, म्हणजे ओढून उपयोग नाही. त्याने वर थांबायचं, बस. त्याचे गुण पक्के होते, आणि आमच्या जोडीला तेवढे जिंकायला पुरेसे होते, कारण चेंडूंचे आमचे थोडे जास्त होते. हे त्याला माहीत होतं. फळ्यावर आकडे दिसत होते.

त्याने पट्टा सोडवला, रोबो वळवला आणि खाली उतरवला. आमच्या रोबोला मागून ढकलून वर घालायचं त्याच्या मनात होतं. उतरताना त्याचं चाक पत्र्याच्या कडेवरून घसरलं, दोघे एकमेकांत अडकले, आणि तसेच जमिनीवर पडलेले असताना घंटा झाली.

आम्ही हरलो. कप समोरच्यांना गेला. ओंकारचे मित्र त्याच्यावर तुटून पडले, तो लाल चेहऱ्याने एकच सांगत होता, "ती पोरगी मेले, मेले म्हणून वरडाय लागली. मला वाटलं, ते मेले. मग मी एकटा वर बसून काय करू?"

नित्याला मी अर्थ सांगितला तेव्हा ती आधी पांढरी पडली, मग तिथेच जमिनीवर बसून हसायला लागली, आणि हसता हसता रडली. थोड्या वेळाने कोल्हापूरची पोरंही हसली. दमलेली मुलं कशालाही हसतात. सार हसले नाहीत. ते ओंकारपाशी गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मी जवळ गेले. मला रडू येत होतं ते खोलीसाठी. "सार, तो वर राहिला असता तर जिंकलो असतो हो," मी म्हटलं.

"बाई," ते म्हणाले, "मेलों म्हणून ऐकलं, आणि तो उतरून आला." माझ्यासारख्या बाईला त्यावर वाद घालता आला असता. मी घातला नाही.

त्या संध्याकाळी सारांनी सगळ्या मुलांना, पेट्यांना, बॅटऱ्यांना शाळेच्या व्हॅनमध्ये चढवलं, आणि व्हॅन त्यांना न घेताच निघाली. हे मी रचून सांगत नाही. ते बसने आले, आणि तेही पहिल्या बसने नसणार.

एप्रिलमध्ये कोचिंग आलं. करस्पॉन्डंटनी सारांना आपल्या केबिनमध्ये बसवून कॉफी पाजली, शाल दिली. सार "सरी" म्हणाले. पत्रे काढून तिथे स्लॅब पडला, एसी लागला. शनिवारी मी तिथे भौतिकशास्त्र शिकवते. पैसे बरे मिळतात. मुलं हुशार आहेत, वर मान करत नाहीत. प्रत्येकाला एकट्याने एक परीक्षा चढायची आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझाही मुलगा त्यांच्यातच बसतो. पण घरी आल्यावर मला फार थकवा येतो आणि तो कशाचा ते सांगता येत नाही.

सारांकडे जाईन जाईन म्हणत वर्ष गेलं. फोन ते उचलत नसत; उचलला तर ऐकू येत नसे. मागच्या महिन्यात एका रविवारी गेले. अड्यारमध्येच, जुनी चार मजली इमारत. खाली स्टुलावर एक नवा वॉचमन पेपर वाचत होता. मी विचारलं, "सार?"

त्याने पेपरातून मान वर केली नाही. बोट तेवढं आकाशाकडे केलं.

"मेले."

इतकी वर्षं इथे काढली. बाजारात, बँकेत हा शब्द हजारदा ऐकला. आता तो माझ्या कानांना तमिळच ऐकू येतो. तरी त्या दिवशी मला तो मराठीत ऐकू आला. ओंकारचा लाल चेहरा डोळ्यांपुढे आला. मग मी घाईने जिना चढायला लागले. लिफ्ट होती, पण तिची वाट बघवेना.

सार गच्चीवर होते. गच्चीच्या दाराचा उंबरा उंच होता, आणि त्याच्यापुढे उतरता टेकवून ठेवला होता तो पत्रा, रोबोच्या पाठीचा. चाकांचे वळ अजून दिसत होते. मी वाकून त्याला हात लावला, डोळ्यांना लावला, मग पाय ठेवला. त्यांनी ते पाहिलं. खूप वाळले होते. खिशाला स्क्रू-ड्रायव्हर होताच.

"कसे आहात सार?" मी धापा टाकत विचारलं.

"दमलों," ते म्हणाले.

पुढचं वाक्य येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही. गच्चीवर सावलीत एकच खुर्ची होती. त्यांनी ती फडक्याने पुसली, माझ्याकडे सरकवली, दंडाला धरून मला तिच्यावर बसवलं, आणि आपण कठड्याला टेकून उभे राहिले.